पहिले वर्ष : विद्यार्थ्याचे आणि घराचे

(प्रथम वर्षात प्रवेश घेतलेले विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



अशा प्रसंगी विद्यार्थ्यांना उपदेश करण्याची आणि पालकांचे अभिनंदन करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. मी आज थोडा क्रम बदलणार आहे. आधी पालकांशी बोलेन, मुलांनी ते ऐकावे. मग मुलांशी बोलेन, ते पालकांनी ऐकावे. दोघांचे एकमेकांविषयीचे पुष्कळ गैरसमज त्यानेच दूर होतील.

शाळेत असताना मुलगा चार दिवस गैरहजर राहिला की मास्तरांची चिठ्ठी येत असे. पालकसभा होत असे, प्रगतिपुस्तकावर सही करावी लागत असे. महाविद्यालयात यांतले फारसे काही राहत नाही. त्यामुळे फी भरली, पावती कपाटात ठेवली, आता आपले काम संपले, असे पालकांना वाटते. माझे म्हणणे उलट आहे. मूल शिकणार की नाही, हे पुष्कळदा या पहिल्या वर्षातच ठरते, आणि ते वर्गात जेवढे ठरते तेवढेच घरात ठरते.

काही आकडे सांगतो. कंटाळू नका, थोडेच आहेत. न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर यांच्या समितीचा अहवाल २००६ साली आला. वीस वर्षे व त्यावरील वयाच्या एकूण लोकसंख्येत पदवी किंवा पदविका घेतलेल्यांचे प्रमाण सुमारे सात टक्के, तर मुसलमानांत ते चार टक्क्यांहून कमी, असे त्यात नोंदवले आहे. त्यानंतर परिस्थिती सुधारली. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या पाहणीप्रमाणे २०२१-२२ साली देशातील महाविद्यालये आणि विद्यापीठे यांत सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते, म्हणजे शंभरात पाचाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या शंभरात चौदा आहे. त्या २१ लाखांत जवळजवळ निम्म्या मुली आहेत, ही गोष्ट मात्र आनंदाने सांगण्यासारखी आहे. मुंबईत १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली, त्या काळी मुलांना इंग्रजी शिक्षण द्यावे की नाही, यावरच वाद होता. तो वाद केव्हाच मिटला आहे. आज आपली मुले दरवाज्यातून आत येतात. प्रश्न त्यांच्या आत टिकून राहण्याचा आहे.

दरवाज्याचाच विषय निघाला आहे, तर आजची सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदवीची रचना बदलली आहे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३ पासून आणि इतर संलग्न महाविद्यालयांत २०२४ पासून ती लागू झाली. पूर्वी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. म्हणजे सरळ तीन वर्षे. मध्येच सोडले तर हातात काही नाही. आता पहिले वर्ष पूर्ण करून ठरलेले जादा काम केले तर प्रमाणपत्र मिळते, दोन वर्षांनंतर तसेच केले तर पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी. मध्येच बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि सगळे मिळून सात वर्षांत पदवी पूर्ण करावी लागते.

ही सोय वाईट आहे, असे मी म्हणत नाही. घरात आजारपण आले, कर्ता माणूस गेला, तर मुलाचे वर्ष वाया जात नाही. पण मला आपला समाज चांगला माहीत आहे. पूर्वी मुलाला पहिल्या वर्षानंतर काढताना बापाच्या मनाला थोडी तरी टोचणी लागत असे. आता तो म्हणेल, सरकारच प्रमाणपत्र देते आहे, कॉलेज केले ना एक वर्ष, पुरे झाले. आणि परत येण्याचा दरवाजा कागदावर उघडा राहिला तरी दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला किंवा सासरी गेलेली किती मुले तीन वर्षांच्या आत परत वर्गात येऊन बसतील, याचा विचार प्रत्येकाने आपल्या नात्यागोत्यात पाहून करावा.

त्या प्रमाणपत्रावर मिळते काय, तेही पाहा. राज्यसेवेच्या परीक्षेला पदवी लागते. तलाठ्याच्या जागेला पदवी लागते. बँकेतील कारकुनाच्या परीक्षेला पदवी, बी.एड.ला पदवी. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर यांतला एकही अर्ज भरता येत नाही. पोलीस शिपायाच्या भरतीला बारावी पुरते, ती तर तुमच्या मुलाने आधीच पास केली आहे.

आखाताकडे डोळे लावून बसलेल्या बंधूंना दोन शब्द. कोकणात आणि इतरत्रही कित्येक घरे दुबई, कुवेत, सौदीच्या पैशावर उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, मशिदींना मिनार चढले. त्या कष्टांविषयी मला आदर आहे. पण दहावी उत्तीर्ण असणाऱ्याला इमिग्रेशनच्या मंजुरीची गरज नाही, हे कळल्यापासून आपल्या कित्येक घरांत दहावी हीच शिक्षणाची शेवटची इयत्ता ठरली. तिकडचे दिवसही पालटले आहेत. सौदी अरबस्तानात २०११ साली निताकत नावाची योजना सुरू झाली, तेव्हापासून कंपन्यांना ठरावीक प्रमाणात स्थानिक माणसे नेमावी लागतात. हिशेबनीस, इंजिनिअर, तंत्रज्ञ म्हणून जायचे तर साक्षांकित केलेली पदवी मागतात. तेव्हा मुलाला पाठवायचेच असेल तर तीन वर्षांनी पाठवा. तोच मुलगा, तेच विमान, पण उतरल्यावर मिळणारी जागा वेगळी असेल.

आता मुलींच्या आयांना सांगतो. मुलगी कॉलेजात गेली की स्थळे येऊ लागतात, हे मला माहीत आहे. चांगले स्थळ हातचे जाऊ नये, ही चिंताही खोटी नाही. पण स्थळ पाहायला आलेल्यांना आधीच स्पष्ट सांगावे की पदवी होईपर्यंत मुलीचे शिक्षण चालू राहील. तोंडी हो म्हणणारे पुष्कळ भेटतात. निकाह हा करार आहे, आणि त्या करारात वाजवी शर्ती लिहिता येतात, ही सोय आपल्या कायद्यातच आहे. मेहरची रक्कम आपण लिहितो, तसेच मुलगी शिक्षण पूर्ण करील, ही शर्तही लिहून घेता येते. काझीसाहेबांना विचारा. लाजण्याचे त्यात काहीच नाही. आणखी एक बारीक गोष्ट. मध्येच लग्न झाले तरी पदवी हातात येईपर्यंत कॉलेजच्या कागदांवरचे नाव बदलू नका. अर्ध्या गुणपत्रिका माहेरच्या नावावर आणि अर्ध्या सासरच्या नावावर निघाल्या की पुढे प्रत्येक खिडकीवर तिला खुलासा देत बसावे लागते.

आता थोडा हिशेब. व्यापारी मंडळी इथे पुष्कळ आहेत, त्यांना तो लगेच समजेल. नव्या पद्धतीत अभ्यास क्रेडिटमध्ये मोजतात. एक क्रेडिट म्हणजे वर्गातील सुमारे पंधरा तासांचे शिक्षण. प्रात्यक्षिक असेल तर तीस तास. एका सत्रात वीस ते बावीस क्रेडिट असतात. सगळी बावीस क्रेडिट वर्गातली धरली तर सत्राला ३३० तास झाले. सत्र पंधरा आठवड्यांचे, म्हणजे आठवड्याला २२ तास. आता ईदच्या आधी कापडाच्या किंवा चपलांच्या दुकानात गर्दी असते, म्हणून मुलाला तीन आठवडे घरी ठेवले, तर ६६ तास गेले. सत्राचा पाचवा हिस्सा. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे मग संपूर्ण सत्रात त्याच्याकडे पाच टक्केच शिल्लक राहिले. नंतर चार दिवस ताप आला किंवा मामूच्या मुलीचे लग्न निघाले, की हजेरी कमी पडलीच. आणि मग आपण प्राचार्यांच्या खोलीबाहेर अर्ज घेऊन उभे राहतो. मुलाने दुकानात हात लावू नये, असे मी म्हणत नाही. संध्याकाळी बसावे, रविवारी बसावे. वर्गाच्या वेळेला मात्र दुकानाने हात लावू नये.

रमजानविषयी मुद्दाम बोलतो, कारण तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि या काही वर्षांत फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, म्हणजे ऐन दुसऱ्या सत्रात येतो आहे. त्या सत्राच्या अंतर्गत परीक्षा त्याच सुमारास असू शकतात. तेव्हा जानेवारीत थोडा जास्त अभ्यास करून ठेवावा. शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी तास येत असेल तर गुपचूप उठून जाऊ नये. त्या विषयाच्या प्राध्यापकांना आधी जाऊन भेटावे, अडचण सांगावी, चुकलेला भाग कोणाकडून घ्यायचा ते विचारावे. नीट विचारणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक सहसा झिडकारत नाहीत. न सांगता जाणाऱ्याची फक्त गैरहजेरी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. इतका वेळ तुम्ही गालातल्या गालात हसत होता. आता तुमची पाळी.

तुमच्यापैकी काही मराठी शाळांतून आला आहात, काही उर्दू शाळांतून, थोडे इंग्रजी शाळांतून. घरी दखनी किंवा कोकणी बोलता. बाजारात मराठी. आणि वर्गात प्राध्यापक निम्मे इंग्रजीत बोलू लागले की पहिल्या आठवड्यात कान बधिर होतात. विशेषतः उर्दू माध्यमाचा विद्यार्थी शाळेत पहिला आलेला असतो, आणि इथे त्याला वाटते की आपली अक्कल एकाएकी गेली कुठे? अक्कल कुठेही गेलेली नसते. विषय तुम्हाला येतो, त्याचे शब्द परके आहेत. अर्थशास्त्रात मागणी आणि पुरवठा हे शब्द तुम्ही तलब आणि रसद या नावांनी शिकलेले असाल. इंग्रजीत त्यांना डिमांड आणि सप्लाय म्हणतात, एवढाच फरक. एक वही वेगळी करा. रोज वर्गात आलेले नवे दहा शब्द इंग्रजीत लिहा, त्यापुढे तुमच्या भाषेत अर्थ लिहा, आणि एक छोटे वाक्य करा. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पाच-सहाशे शब्द होतील. पहिल्या वर्षाचे पुस्तक वाचण्यास तेवढे पुष्कळ आहेत. माझ्या समोर असे कित्येक विद्यार्थी या वहीच्या बळावर उभे राहिले, त्यांतले काही आज स्वतः शिकवतात. टिपणे घेताना शब्द आठवला नाही तर उर्दूत लिहा, मराठीत लिहा, चित्र काढा. ती वही परीक्षकाला दाखवायची नाही, ती तुमची आहे. आणि परीक्षेत उत्तरे कोणत्या भाषेत लिहिता येतात, हे प्रवेशाच्या आठवड्यातच कार्यालयात विचारून घ्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे.

न समजलेले विचारण्याची लाज सोडा, असे सगळेच सांगतात आणि कोणी सोडत नाही. म्हणून मी सोपी युक्ती सांगतो. भर वर्गात विचारवत नसेल तर तास संपल्यावर बाहेर पडताना सरांना किंवा मॅडमना एकच प्रश्न विचारा. आठवड्यातून एकदा. महिन्याभरात तुमचे नाव त्यांना पाठ होईल, आणि पुढे शिफारसपत्र लागेल तेव्हा ते तुम्हाला ओळखत असतील.

ग्रंथालयाचे कार्ड याच आठवड्यात काढा. ज्यांच्या घरी दोन खोल्यांत सात माणसे आहेत आणि संध्याकाळी टीव्ही चालू असतो, त्यांच्यासाठी ग्रंथालय म्हणजे अभ्यासाची तिसरी खोली आहे. पालकांनो, मुलगी ग्रंथालयात सहा वाजेपर्यंत बसली म्हणून घरी पोलिसी चौकशी करू नका. शंका असेल तर एकदा स्वतः येऊन ग्रंथालय बघून जा. तुमचे स्वागत आहे.

रॅगिंगचा त्रास झाला तर लगेच सांगा. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे.

आता एटीकेटी. हा शब्द ऐकला की घरात रडारड होते, म्हणून दोन्ही बाजूंना सांगतो. याचा अर्थ, एखाद्या विषयात कमी पडला तरी पुढच्या सत्रात बसण्याची परवानगी. किती विषयांपर्यंत ही सवलत आहे, ते प्रत्येक विद्यापीठाचे नियम ठरवतात. पहिल्या सत्रात एखाद्या विषयात एटीकेटी लागणे ही काही आकाश कोसळण्याची गोष्ट नाही. वाईट असते ते ती लपवणे. मुलगा घाबरून सांगत नाही, पुढच्या सत्रात पुन्हा विषय राहतो, आणि दोन वर्षांनी एकदम उघड झाले की बाप संतापून त्याला कामाला लावतो. म्हणून निकालाच्या दिवशी मुलाला टक्के विचारू नका. किती क्रेडिट जमा झाली आणि किती राहिली, हे विचारा. आणि उत्तर ऐकून घेतल्यावर निदान त्या रात्री तरी काही बोलू नका.

शेवटी कागदपत्रांचा विषय. तो नीरस आहे, पण आपल्या मुलांचे नुकसान जेवढे अभ्यासाने होते त्याहून जास्त कागदांनी होते, असे माझे ठाम मत आहे.

पहिली गोष्ट नावाची. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या रजिस्टरात उर्दूतून मराठीत उतरताना दुसरे, आधारवर तिसरे आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर चौथे. मोहम्मद हे मुबारक नाव इंग्रजीत कोणी पूर्ण लिहितो, कोणी चार अक्षरांत आटोपतो. शेख हे आडनाव तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते, कधी आधी, कधी शेवटी. पूर्वी कारकून समजून घेत असे. आता क्रेडिटची बँक आहे. अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स हे तिचे नाव. प्रत्येक विद्यार्थ्याचे त्यात खाते असते, ते आधारशी आणि डिजिलॉकरशी जोडलेले असते. यंत्र समजून घेत नाही. नावांचा मेळ नसेल तर क्रेडिट खात्यात उतरण्यास अडथळा येतो. तेव्हा आज घरी जाऊन बारावीची गुणपत्रिका आणि आधारकार्ड शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर आत्ताच दुरुस्त करा. शेवटच्या वर्षी धावपळ करण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. मुसलमानांना काही सवलतच नाही, असे समजून पुष्कळ पालक सेतू केंद्राची पायरीही चढत नाहीत. मोमीन, पिंजारी, तांबोळी, बागवान, अत्तार अशा आपल्यातील अनेक बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गांच्या यादीत आहेत. त्यासाठी जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र आणि जातपडताळणी लागते. अडचण अशी की शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात पुष्कळदा नुसते ‘मुस्लिम’ लिहिलेले असते, आणि पडताळणीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तो शोधावा लागतो. आजोबांच्या, पणजोबांच्या प्राथमिक शाळेच्या रजिस्टरातील नोंद, तहसील कचेरीतील जन्ममृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना १४, यांत बिरादरीचे नाव सापडू शकते. गावी जाऊन एक-दोन दिवस काढावे लागतील. एका भावाचे काम झाले की तेच कागद चुलतभावंडांनाही उपयोगी पडतात. ज्यांची बिरादरी यादीत नाही आणि घरचे उत्पन्न आठ लाखांहून कमी आहे, त्यांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या दाखल्याची चौकशी करावी. त्याला इतरही अटी आहेत, त्या वाचून घ्याव्यात. हे दाखले केवळ नोकरीसाठी नाहीत. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाप्रमाणे या दोन्ही वर्गांतील, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत, केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले आहे. उद्या तुमच्या धाकट्या मुलीला फार्मसीला किंवा इंजिनिअरिंगला जायचे असेल तर आज या थोरल्याच्या निमित्ताने दाखला काढून ठेवा. शिष्यवृत्तीच्या योजना मात्र बदलत असतात. मागच्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलाला मिळाली म्हणून यंदा आपल्याला मिळेलच, असे धरून चालू नका. दरवर्षी नव्याने विचारा.

माझे बोलणे लांबले. बाहेर व्हरांड्यात दोन टेबले मांडली आहेत. एका टेबलावर दाखल्यांच्या कागदांची यादी मराठीत आणि उर्दूत छापून ठेवली आहे, ती प्रत्येकाने घ्यावी. दुसऱ्या टेबलावर ग्रंथालयाच्या कार्डाचे अर्ज आहेत. ज्यांच्या नावात फरक आहे त्यांनी जाण्यापूर्वी कार्यालयात नोंद करावी. आता प्रश्न विचारा. दरवेळी माइक पुढच्या रांगेतच फिरतो आणि मागे बसलेल्या भगिनींपर्यंत पोहोचेतो अजान होते. म्हणून आज तो आधी मागे द्यावा, अशी स्वयंसेवकांना विनंती करतो.